नवा फोन आणि ‘तोच’ असण्याचा प्रश्न

(कासारसाई येथे देवळाच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांना वाटलं असेल, सर निवृत्तीनंतर मोबाइलच्या दुकानात लागले की काय! (हशा) तसं काही नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यात एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी पहिल्या तासाला विचारायचो : एखादी वस्तू बदलूनही ‘तीच’ राहते, असं आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर? मग उदाहरणं द्यायचो. ग्रीकांचं जहाज, मिलिंद राजाचा रथ, दिव्याची ज्योत. मुलं जांभया द्यायची. त्यांचं चुकत नव्हतं. जहाज कोणी पाहिलेलं नाही आणि रथात कोणी बसलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी फोन बदलला. आणि माझ्या लक्षात आलं की पस्तीस वर्षं ज्या उदाहरणाच्या शोधात होतो, ते खिशात येऊन बसलंय. तर आज त्याबद्दल बोलू. नवा फोन कसा वाटला ते सांगतो, आणि त्यानिमित्ताने तीन-चार जुने प्रश्न नव्याने मांडतो. मध्ये एक रात्र आहे, तिच्याबद्दलही सांगायचं आहे. खरं तर तिच्यामुळेच हे व्याख्यान झालं.

जुना झाला म्हणजे काय झालं?

पहिला प्रश्न अगदी साधा. मी फोन का बदलला? जुना चांगला चालत होता. काच फुटलेली नव्हती. बॅटरी तेवढी एकदा पुण्यात तपकीर गल्लीतून बदलून आणली होती. फोन लागायचा, फोटो निघायचे. मग एके दिवशी बँकेचं ॲप म्हणालं, या फोनवर मी आता चालणार नाही. का? तर फोनची मूळ प्रणाली जुनी झाली, कंपनीने तिला सुरक्षेची नवी डागडुजी देणं थांबवलं, आणि बँकेला तशा फोनवर विसंबायचं नाही. बँकेचंही बरोबर आहे. पैशाचा मामला आहे.

आता गंमत बघा. आदल्या दिवशी फोन चालत होता, दुसऱ्या दिवशी ‘जुना’ झाला. या एका रात्रीत फोनमध्ये काय बदललं? काहीच नाही. एक स्क्रूसुद्धा हलला नाही. जे बदललं ते बाहेर, दुसरीकडे कुठेतरी.

तत्त्वज्ञानात याला ‘केंब्रिज बदल’ म्हणतात. पीटर गीच नावाच्या इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञाने हे नाव रूढ केलं. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसने विषाचा पेला घेतला. त्याची बायको झांटिपी तिथे नव्हती. पण त्याचा श्वास थांबला त्या क्षणी ती विधवा झाली. तिच्या शरीरात, मनात त्या क्षणी काहीही घडलेलं नाही, तिला बातमीही कळलेली नाही, तरी तिच्याबद्दलचं एक विधान जे खोटं होतं ते खरं झालं. वस्तू स्वतः बदलली तर तो खरा बदल. तिचा इतरांशी असलेला संबंध बदलला तर हा दुसऱ्या प्रकारचा.

माझा फोन असा म्हातारा झाला. आणि मंडळी, आपल्यापैकी साठी उलटलेल्यांनी मनाशी जरा तपासून पाहावं. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आपल्यात असं काय बदललेलं असतं? (हशा) गुडघे आधीच दुखत असतात. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसचं दार आपल्याला ओळखत नाही. म्हातारपणाचा एक भाग शरीरात असतो, आणि बराच मोठा भाग असा संबंधांत असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून हा फरक कळलेला बरा.

हातात घेतल्यावर

आता नवा फोन. पहिली जाणीव झाली ती वजनाची. हा जड आहे. दुसरी, पडदा. अक्षरं सरकवली की पाण्यावरून सरकल्यासारखी जातात. नातवाने कारण सांगितलं. जुन्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा, हा १२० वेळा बदलतो. म्हणजे सरकणारं असं तिथे काहीच नाही. एक चित्र मावळतं, दुसरं उगवतं, आणि आपण म्हणतो ‘अक्षर सरकलं’. बौद्धांचा क्षणिकवाद याहून वेगळं काय सांगतो? ज्योत रात्रभर तेवते असं आपण म्हणतो, पण दर क्षणाला ज्योत नवी असते. हे मी फळ्यावर खडूने शिकवलं. आता अंगठ्याने दिसतं.

तिसरी जाणीव कॅमेऱ्याची. तिन्हीसांजेला धरणावर गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा नाही, मधल्या वारी. उजेड जवळजवळ गेलेला, पलीकडचे डोंगर नुसते काळे. फोटो काढला, आणि फोटोत डोंगरावरची झाडं वेगळी वेगळी दिसतात! माझ्या डोळ्यांना ती दिसली नव्हती. शिवाय माझा हात थरथरतो, हल्ली चहाचा कप घेतानाही थरथरतो. फोटोत थरथर नाही.

हे कसं होतं? रात्रीचा फोटो म्हणजे एक फोटो नसतो. बटण दाबल्यावर कॅमेरा लागोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर नेमके जुळवतो, हात हलल्याचा फरक काढून टाकतो आणि सगळ्यांतला उजेड एकत्र करतो. म्हणजे जे चित्र समोर येतं, ते कुठल्याही एका क्षणी तसं नव्हतंच. मग हा फोटो खोटा का? झाडं तर खरोखरच तिथे आहेत. मी त्याला खोटं म्हणणार नाही. पण प्रत्यक्षही म्हणणार नाही. ते अनुमान आहे. धूर पाहून अग्नी ओळखावा तसं, अनेक अंधुक खुणांवरून काढलेला निष्कर्ष. अनुमान हेही प्रमाणच आहे. फक्त आपण ते प्रत्यक्ष समजून चालू नये.

फोनमधला तीन प्रकारचा माल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नातवाने दोन फोन शेजारी ठेवले, काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, “आजोबा, तासभर हात लावू नका.” तासाभराने नव्या फोनमध्ये सगळं हजर. तेच फोटो, तीच नावं, तेच संदेश, पडद्यावर ज्ञानेश्वरीचं ॲपही डावीकडून तिसरं. मी पटकन म्हणालो, “अरे, हा माझाच फोन आहे!”

आणि तिथे मी अडखळलो. धातू नवा, काच नवी, बॅटरी नवी. मग ‘माझाच’ कशामुळे?

प्लुटार्कने गोष्ट सांगितली आहे. थिसियसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? हा एक प्रश्न. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात खोच घातली. समजा कोणी काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून त्यांचंच जहाज पुन्हा बांधलं, तर आता थिसियसचं जहाज कोणतं? माझ्या टेबलावर नेमकं हेच होतं. नव्या फोनमध्ये सगळं आलं होतं, पण जुन्यातून काही गेलं नव्हतं. दोन्हींत नातीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो. यातला माझा फोन कोणता?

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं : राजा, तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग रथ कुठे आहे? उत्तर असं, की या सगळ्या भागांच्या आधाराने आपण ‘रथ’ हे नाव वापरतो, त्यांच्यापलीकडे रथ म्हणून वेगळी चीज नाही. मी हीच पद्धत वापरली. फोनचे भाग वेगळे केले. पेचकसाने नाही, विचाराने! (हशा) आणि मला आतला माल तीन प्रकारचा दिसला.

पहिला प्रकार : ज्याची प्रत निघते. फोटो, नावं, गाणी. इकडून तिकडे गेलं तरी इकडेही राहतं. विद्येसारखं, दिल्याने कमी होत नाही.

दुसरा प्रकार : जे एका जागचं उठतं तेव्हाच दुसऱ्या जागी बसतं. म्हणजे माझा नंबर. सिमकार्ड जुन्यातून काढलं आणि नव्यात घातलं, त्या क्षणी लोकांच्या दृष्टीने नवा फोन ‘माझा’ झाला आणि जुना नुसता यंत्र उरला. या नंबराचं महत्त्व केवढं बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवायची सोय झाली. कंपनी बदलली, फोन बदलला, गाव बदललं, तरी नंबर तोच. हॉब्जच्या कोड्यावर व्यवहारातलं उत्तर हेच असतं : ज्याच्या दोन प्रती एका वेळी असू शकत नाहीत, अशी एखादी गोष्ट ठरवायची आणि ती जिथे असेल त्याला ‘तो’ म्हणायचं.

तिसरा प्रकार : ज्याची प्रत निघत नाही आणि जे हलवताही येत नाही. माझ्या बोटाचा ठसा. सगळं आलं, पण नवा फोन मला ओळखेना. बोट पुन्हा द्यावं लागलं, पुन्हा पुन्हा टेकवून. कारण असं की ठशाचा गणिती नमुना फोनच्या आत एका वेगळ्या, कुलूपबंद भागात राहतो आणि तिथून तो बाहेर काढायची वाटच ठेवलेली नसते. बँकेचंही तसंच, नव्याने नोंदणी. थोडक्यात, आठवणी दुसऱ्याकडून आणता येतात. ओळख मात्र प्रत्येक वेळी स्वतः समोर उभं राहून द्यावी लागते.

एक चौथी गोष्टही आहे, ती फोनमध्ये नाहीच. मागे जायचं बटण जुन्या फोनवर खाली उजवीकडे होतं. आता ते नाही, कडेवरून बोट सरकवायचं. पण माझा अंगठा अजून दिवसातून पन्नास वेळा खाली उजवीकडे जातो. आपल्या शास्त्रांत याला संस्कार म्हणतात. फोन एका तासात बदलला, अंगठ्याला महिना झाला तरी बदलता आलेलं नाही.

ती रात्र

आता ज्या रात्रीबद्दल म्हणालो ती. हा जो एक तास होता, हात न लावायचा, तो रात्री साडेनऊ ते साडेदहाचा. नातू काम लावून हिंजवडीला रात्रपाळीला निघून गेला. सिम जुन्यातून काढलेलं, नव्यात घातलेलं, पण नवा अजून उघडलेला नाही. दहाच्या सुमाराला सौभाग्यवतींना दरदरून घाम आला, हात कापायला लागले. त्यांना मधुमेह आहे. साखर उतरली हे कळलं, साखरपाणी दिलं. पण त्या नीट बोलेनात, आणि मी घाबरलो. डॉक्टरांना विचारायला हवं.

डॉक्टरांचा नंबर? फोनमध्ये. मुलाचा नंबर? फोनमध्ये. मुलाचा नंबर, मंडळी! त्याला मी दिवसातून दोनदा फोन करतो, आणि मला पहिले दोन आकडे सोडून काही आठवेना. १९८५ साली आमच्या घरी जो फोन होता त्याचा नंबर मला आजही पाठ आहे. त्या नंबरवर आता कोणी नाही. कुलूपबंद फोनवरूनही ११२ लावता येतो, हे मला माहीत होतं. त्या वेळी सुचलं नाही. माहीत असणं आणि सुचणं यात अंतर असतं.

शेजारी आबा राहतात. साखर कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं, आता शेती बघतात. त्यांचं दार वाजवलं. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. आबा म्हणाले, “डॉक्टरचा ना? हा घ्या की सर, दारामागं.” दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने नंबर लिहिलेले. डॉक्टर, मुलगी, दूधवाला, पाण्याच्या मोटरीचा मेकॅनिक, आणि माझासुद्धा. डॉक्टर फोनवर आले. म्हणाले, अजून साखर द्या, पंधरा मिनिटांनी तपासा, मग काहीतरी खायला द्या. अकरापर्यंत सगळं ठीक झालं. त्या आज इथे समोरच बसल्या आहेत आणि हे सांगितल्याबद्दल घरी मला बोलणी बसणार आहेत. (हशा)

मी रात्री झोपलो नाही. १९९८ मध्ये अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी एक निबंध लिहिला. त्यात ऑटो नावाचा एक कल्पित माणूस आहे. त्याला विस्मरणाचा आजार आहे, म्हणून तो सगळं वहीत लिहितो. संग्रहालय कुठे आहे ते आपण आठवतो, तो वही उघडतो. त्यांचं म्हणणं असं की वही जर कायम जवळ असेल, भरवशाची असेल आणि तो तिच्यावर सहज विसंबत असेल, तर ती वही त्याच्या मनाचाच भाग मानली पाहिजे. मन कवटीपाशी संपत नाही. हा निबंध मी वर्गात घेतला होता आणि मुलांना सांगितलं होतं की यात थोडी अतिशयोक्ती आहे.

त्या रात्री मला पटलं की अतिशयोक्ती नाही. माझ्या मनाचा एक भाग टेबलावर पडून होता, तासभर हात न लावण्याच्या अटीवर. आणि आबांच्या मनाचा भाग भिंतीवर होता. फरक काय? माझ्या वहीला कुलूप होतं. घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती वाचता येत नव्हती. आबांची वही सगळ्या घराची होती, शेजाऱ्याचीसुद्धा.

अंगठा आणि चेहरा

पण भिंत चांगली आणि फोन वाईट, असं सांगून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. ते खरं नाही. पुढचं ऐका.

आबांना कर्मचारी पेन्शन योजनेचं, ज्याला लोक ईपीएस-९५ म्हणतात, थोडं पेन्शन आहे. या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. ते चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे याचा पुरावा. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही संगणकावरची सोय आहे. यंत्रावर अंगठा ठेवायचा की झालं. पण आबांचा अंगठा उमटत नाही. कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, वयाने त्वचा कोरडी पडते, रेषा सपाट होतात. आबा दोन वर्षं दोन-दोन चकरा मारत होते. मला म्हणाले, “सर, मी समोर उभा हाय, तरी यंत्र म्हणतंय मी न्हाई.”

नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरूनही हा दाखला देता येतो. माझा जुना फोन त्या कामाला चालत नव्हता. नवा चालला. आधी फोन चालवणाऱ्याचा, म्हणजे माझा चेहरा. मग आबा अंगणात खुर्चीवर बसले. टोपी काढली. पडद्यावर सूचना आली, डोळे मिचकवा. आबांनी मिचकावले. झालं! डोळ्याची पापणी लवली म्हणजे हा फोटो नव्हे, जिवंत माणूस आहे.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक फरक लक्षात ठेवावा. न्यायशास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणून एक ज्ञान सांगतात : ‘तोच हा देवदत्त’. यात ‘हा’ डोळ्यांसमोर असतो आणि ‘तो’ पूर्वीच्या संस्कारातून येतो. दोन्ही जोडले की ओळख पटते. यंत्र हे करत नाही. ते चेहऱ्यावरून आकडे काढतं, साठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहतं, आणि साम्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की हो म्हणतं. त्याचं ‘हो’ म्हणजे ‘पुरेसं जुळलं’. मग ‘नाही’ म्हणजे काय? ‘पुरेसं जुळलं नाही’, एवढंच. ‘हा माणूस तो नव्हे’ असा त्याचा अर्थ होत नाही. या दोन ‘नाहीं’मधला फरक विसरला गेला की आबांसारख्या माणसाचे हजार रुपये अडकतात. यंत्र चुकतं यात आश्चर्य नाही. यंत्राशेजारी बसलेल्या माणसाने समोरच्याला ओळखणं सोडून द्यावं, ही काळजीची गोष्ट आहे.

मग करायचं काय

इथून देहू फार लांब नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. काही अभ्यासक म्हणतात, ती लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली. श्रद्धेला धक्का न लावता मला एवढंच दिसतं की ज्या गोष्टीशिवाय आपलं चालणार नाही, ती एकाच जागी ठेवू नये. प्रत यंत्रात ठेवा, जरूर ठेवा. एक कागदावर ठेवा. आणि थोडीशी तोंडात ठेवा.

मी तीन नंबर पाठ केले : मुलाचा, डॉक्टरांचा, आबांचा. आठ दिवस लागले. आणि स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीने पाच नंबर लिहिले. नुकताच रंग दिला होता, त्यावरून घरात जे झालं ते झालं. (हशा)

वेळ झाली आहे, तरी एक-दोन प्रश्न घेऊ.

*प्रश्न : सर, जुन्या फोनचं काय केलंत?*

आधी त्यातला माझा मजकूर पूर्ण पुसला. हे प्रत्येकाने करावं, कारण पहिल्या प्रकारचा माल मागे राहतो हे आपण पाहिलं. बँकेचं ॲप त्यावर चालत नाही, पण भजनं चालतात. तो आता आबांच्या गोठ्यात टांगलेला असतो. म्हशींना आवडतं म्हणतात. ते प्रत्यक्ष नव्हे, आबांचं अनुमान आहे. (हशा)

*प्रश्न : मग शेवटी हा तोच फोन की दुसरा?*

कोण विचारतंय त्यावर आहे, बाळ. नंबर लावणाऱ्याला तोच. बँकेला दुसरा. दुकानदाराला तर नक्कीच दुसरा, त्याने पैसे घेतलेत. आणि माझ्या अंगठ्याला विचाराल, तर त्याने अजून मान्य केलेलं नाही.